कोळशाच्या वखारीतील बाजार

लंडनमधील किंग्ज क्रॉस स्थानकाच्या पाठीमागे, रीजंट्स कालव्याच्या काठावर, कोळशाच्या जुन्या वखारींत थाटलेला एक बाजार २०१८च्या ऑक्टोबरात खुला झाला. ‘कोल ड्रॉप्स यार्ड’ हे त्याचे नाव. बंद पडलेल्या उद्योगाच्या जागेचा पुनर्विकास कसा करावा याचा नमुना म्हणून या बाजाराकडे बोट दाखवले जाते. जुन्या विटा जपल्या, कालवा लोकांना मोकळा झाला, ओसाड जागेत वर्दळ आली, असे त्याचे समर्थक सांगतात. हे सारे खरे आहे. तथापि या नमुन्याची एक बाजू पाहून दुसरीकडे डोळेझाक करणे परवडणारे नाही. इमारती कोणी वाचवल्या याइतकाच महत्त्वाचा प्रश्न त्या इमारतींखालची जमीन अखेर कोणाची झाली, हा आहे. आणि तो प्रश्न लंडनपुरता मर्यादित नाही.

या जागेचा पूर्वेतिहास ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या आजच्या रूपाचा अर्थ लागत नाही. पॅडिंग्टनपासून थेम्सकाठच्या लाइमहाउसपर्यंत जाणारा रीजंट्स कालवा १८२० साली पूर्ण झाला. घोड्यांनी ओढायच्या नावांतून माल नेण्याचा तो काळ होता. पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वे आली, १८५२ साली लुइस क्यूबिट यांनी रचलेले किंग्ज क्रॉस स्थानक सुरू झाले आणि त्याच्या उत्तरेस, कालव्याच्या पलीकडे, मालधक्क्याचे विस्तीर्ण आवार उभे राहिले. लिंकनशायरचा गहू साठवण्यासाठी धान्याचे प्रचंड कोठार बांधले गेले आणि शेजारी कोळशाच्या वखारी उभ्या राहिल्या. उत्तरेकडील खाणींतून कोळशाने भरलेल्या वाघिणी उंच कमानींवरच्या रुळांवर आणल्या जात. वाघिणीच्या तळाचे दार उघडले की कोळसा खालच्या कोठारांत कोसळे आणि तेथून पोत्यांत भरून घोडागाड्यांनी शहरभर जाई. लंडनमधील घराघरांतल्या शेगड्या या कोळशावर पेटत. जागेचे नाव पडले ते या कोसळण्यावरूनच.

कोळशाचे राज्य सरले ते एका दिवसात नव्हे. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर साचून राहिलेल्या विषारी धुरक्याने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला. घरांत वायू आणि वीज आली, मालाची वाहतूक रुळांवरून रस्त्यांवर गेली आणि मालधक्के रिकामे पडू लागले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधील कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्रही बंद झाले. किंग्ज क्रॉसच्या वखारींनी मधल्या काळात अनेक अवतार पाहिले. कोळसा गेल्यावर तेथे इतर मालाची गोदामे आली, १९८५ साली पूर्वेकडील वखारीचा काही भाग आगीत जळाला, नंतर त्या कमानींखाली रात्रीचे नृत्यगृह चालले आणि २००७च्या सुमारास तेही बंद झाले. स्थानकामागचा हा परिसर वेश्याव्यवसाय आणि मादक पदार्थांचा चोरटा व्यापार यांसाठी कुप्रसिद्ध होता. तेव्हा येथे काहीच करू नये असे कोणी म्हटले असते, तर ते शहाणपणाचे ठरले नसते.

जे केले गेले त्यातील बरेच काही प्रशंसनीय आहे. सुमारे ६७ एकरांचा हा सगळा प्रदेश एकत्रित आराखड्याखाली घेतला गेला. अनेक वर्षांच्या चर्चा-वाटाघाटींनंतर कॅम्डेनच्या पालिकेने २००६ साली त्याला परवानगी दिली. तुकडा-तुकडा विकून जो तो आपापला मनोरा बांधील, असे येथे घडले नाही. रस्ते, चौक, उद्याने यांची जागा आधी ठरली आणि मग त्यांच्याभोवती इमारती आल्या. धान्याच्या कोठारात २०११ साली सेंट्रल सेंट मार्टिन्स हे नामांकित कलामहाविद्यालय आले. दुकानांच्या आधी विद्यार्थी आले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कोठारासमोरचा चौक २०१२ साली खुला झाला. त्याच्या फरशीतून उसळणाऱ्या हजाराहून अधिक कारंज्यांत उन्हाळ्यात मुले मनसोक्त भिजतात आणि चौकातून कालव्याकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्यांवर लोक एक पैसाही खर्च न करता तासन् तास बसतात. वायूच्या जुन्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे उतरवून, दुरुस्त करून कालव्याच्या उत्तरेस पुन्हा उभारले गेले. त्यांपैकी एका सांगाड्याच्या आत बाग आहे, तर तिघांच्या आत महागड्या सदनिका आहेत.

खुद्द वखारींचे काम रचनाकार टॉमस हीथरविक यांच्या कार्यालयाकडे होते. समोरासमोरच्या दोन लांब वखारींची छपरे मध्यभागी उचलून, वाकवून एकमेकांना टेकवली आहेत आणि त्यांवर वेल्समधील दगडी पाट्या बसवल्या आहेत. जुन्याची हुबेहूब नक्कल न करता जुन्यातूनच नवे उगवल्यासारखे वाटावे, हा त्यामागचा विचार दिसतो. रचनेविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या कमानींवरून वाघिणी धावल्या त्या पाडल्या गेल्या नाहीत, एवढे श्रेय निर्विवाद आहे. सारे सपाट करून त्यावर काचेचे ठोकळे उभारण्याची जी रीत अनेक शहरांत रूढ झाली आहे, तिच्या तुलनेत हे काम कितीतरी वरचे आहे.

परंतु येथवर आल्यावर थांबता येत नाही. ही जमीन कोणाची होती? १९४८ साली ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा मालधक्क्याचे हे आवार राष्ट्राच्या मालकीचे झाले. पुढे खाडीखालच्या बोगद्याकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाच्या निमित्ताने येथील जमिनीचा मोठा भाग त्या मार्गासाठी स्थापन झालेल्या कंपनीकडे गेला आणि ती कंपनी नंतर सरकारी मालकीची झाली. म्हणजे पुनर्विकासाच्या भागीदारीत ब्रिटिश जनतेचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता. रस्ते तयार झाले, महाविद्यालय आले, बड्या कंपन्यांची कार्यालये येऊ लागली आणि जागेचे मोल चढणीला लागले. नेमक्या त्याच वेळी, २०१६ साली, सरकारने आपला हा वाटा सुमारे ३७ कोटी पौंडांना विकून टाकला. तो घेतला ऑस्ट्रेलियातील एका निवृत्तिवेतन निधीने.

या व्यवहारात एक मार्मिक विसंगती आहे. खरेदीदार कोणी सट्टेबाज नव्हता. ऑस्ट्रेलियातील लक्षावधी नोकरदारांच्या पगारातून कापलेल्या रकमा या निधीत साठतात. मेलबर्नमधील शिक्षकाला वा कारकुनाला म्हातारपणी मिळणाऱ्या पैशात लंडनच्या कालव्याकाठी आकारल्या जाणाऱ्या भाड्याचा अंश असणार आहे. नोकरदाराची म्हातारपणाची पुंजी सुरक्षित जागी गुंतावी, यात गैर काही नाही. प्रश्न पडतो तो विक्रेत्याविषयी. पन्नास-शंभर वर्षे भाडे देत राहील अशी मिळकत परक्या देशातील निधीला राखण्याजोगी वाटते, तीच ज्यांच्या मालकीची होती त्या सरकारला मात्र एकरकमी पैशासाठी विकण्याजोगी वाटते. दूरदृष्टी कोणाची म्हणायची?

मालकी बदलली तरी चौक खुला आहे, कारंजी उडतात, मग बिघडले काय, असे विचारले जाईल. बिघडते ते सहज दिसत नाही. येथील चौक आणि रस्ते दिसायला सार्वजनिक असले तरी कायद्याने खाजगी आवारे आहेत. तेथे माणूस वावरतो तो हक्काने नव्हे, मालकाच्या अनुमतीने. अनुमती आणि हक्क यांतील अंतर शांततेच्या काळात जाणवत नाही. प्रसंग आला की ते उघडे पडते. २०११च्या ऑक्टोबरात आर्थिक विषमतेविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांना लंडनच्या शेअरबाजारासमोरील पॅटर्नॉस्टर चौकात जमायचे होते. तो चौक खाजगी निघाला, मालकाने न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला आणि निदर्शकांना शेजारच्या सेंट पॉल्स चर्चच्या बाहेर तंबू ठोकावे लागले. किंग्ज क्रॉसच्या आवारातही निराळा धडा मिळाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे ओळखणारी यंत्रणा येथील कॅमेऱ्यांना जोडलेली असल्याचे ‘फायनान्शियल टाइम्स’ने २०१९च्या ऑगस्टमध्ये उजेडात आणले. दोन कॅमेरे २०१६ ते २०१८ या काळात असे वापरले गेल्याचे चालकांनी मान्य केले. माहिती-संरक्षणाच्या आयुक्तांनी चौकशी सुरू केली आणि ही यंत्रणा पुन्हा बसवण्याचा बेत नसल्याचे चालकांना जाहीर करावे लागले. रस्ता पालिकेचा असता तर असा प्रकार अशक्य होता असे नाही. पण मग त्याचा जाब विचारायला निवडून आलेला नगरसेवक तरी असता. खाजगी रस्त्याला मतदार नसतात.

लंडनच्या महापौरांनी २०२१ साली सार्वजनिक वापराच्या अशा जागांसाठी एक सनद प्रसिद्ध केली. नव्या प्रकल्पांतील जागा, मालक कोणीही असो, सर्वांना खुल्या असाव्यात आणि तेथील निर्बंध कमीत कमी असावेत, अशी तिची दिशा आहे. हे पाऊल योग्य आहे. मात्र जमीन हातची गेल्यावर सनद लिहिणे आणि जमीन देताना करारात अट घालणे यांत फरक आहे. पहिल्यात विनंती असते, दुसऱ्यात सामर्थ्य.

ही तुलना करायला लांब जावे लागत नाही, बाजाराच्या पायथ्याशी वाहणारा कालवाच पुरेसा आहे. १९४८ साली रेल्वेबरोबर कालव्यांचेही राष्ट्रीयीकरण झाले. परंतु २०१२ साली इंग्लंड व वेल्समधील सरकारी कालवे मोडीत न काढता एका धर्मादाय न्यासाच्या हवाली करण्यात आले. ज्या पायवाटेने पूर्वी नावा ओढणारे घोडे चालत, तिच्यावरून आज मुलांना शाळेत पोहोचवणारे पालक, सायकलस्वार आणि कामावर निघालेले नोकरदार जातात. एकाच उद्योगयुगाचा हा दुहेरी वारसा आहे. त्यातील पाणी जनतेसाठी न्यासात राहिले आणि काठ बाजारात गेला. व्यवहार्यतेच्या नावाखाली सर्वच विकावे लागते, हा युक्तिवाद त्या पाण्यानेच खोडून काढला आहे.

दुसरे उदाहरणही दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. सेंट पँक्रस स्थानकाच्या पश्चिमेला सॉमर्स टाउन या वस्तीत रेल्वेचा आणखी एक मालधक्का होता. तीही जागा अशीच रिकामी झाली. परंतु ती सरकारने ग्रंथालयासाठी घेतली आणि तेथे ब्रिटिश लायब्ररीची वास्तू उभी राहिली. काम वर्षानुवर्षे रेंगाळले, खर्च अंदाजाबाहेर गेला, खुद्द युवराजांनी वास्तूची टवाळी केली. पण १९९८ साली तिचे रीतसर उद्घाटन झाले आणि आज तिच्या दालनांत जगभरचे विद्यार्थी बसलेले असतात. या सेंट पँक्रस भागातूनच व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ या काळात नगरसेवक होते आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालयांसाठी त्यांनी केलेले काम स्थानिक लोक विसरले नाहीत. १९५५ साली त्या परगण्याने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. मालधक्क्याच्या जागी ग्रंथालय होऊ शकते आणि बाजारही होऊ शकतो. त्यांतील निवड जमीन करीत नाही, माणसे करतात.

बाजारावर सारी भिस्त ठेवण्यात आणखीही एक धोका आहे. कोल ड्रॉप्स यार्डमधील दुकाने मुख्यतः उंची कपडे, वस्तू आणि खाद्यपेये यांची आहेत. शेजारच्या सॉमर्स टाउनमधील पालिकेच्या चाळवजा इमारतींत राहणाऱ्या कुटुंबाला तेथे रोजच्या गरजेचे फारसे काही मिळत नाही. उद्घाटनानंतर दीड वर्षाच्या आत, २०२०च्या मार्चमध्ये, महासाथीमुळे दुकाने बंद झाली आणि केवळ खरेदीवर उभी असलेली जागा किती क्षणभंगुर असते याचा अनुभव साऱ्या जगाला आला. घरबसल्या खरेदीची सवय तर त्याआधीच वाढत चालली होती. कोळशाची वखार कोळसा गेल्यावर ओस पडली. गिऱ्हाईक गेल्यावर दुकानांचे काय होईल, हा विचार नियोजनातच असायला हवा. किंग्ज क्रॉस त्या काळात तगून राहिले, कारण तेथे घरे, महाविद्यालय आणि कार्यालयेही होती. एका धंद्यावर विसंबून राहण्याची जुनी चूक आराखड्याने टाळली होती.

हे सारे वाचताना मुंबईच्या गिरणगावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर एकेक गिरणी कायमची थंडावली. जमिनीचा प्रश्न मात्र तापत गेला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने एक न्याय्य सूत्र घालून दिले होते. ढोबळ मानाने गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक हिस्सा ‘म्हाडा’ला घरांसाठी आणि एक मालकाला मिळायचा होता. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. किंग्ज क्रॉसच्या ६७ एकरांवर जे साधले त्याहून कितीतरी मोठे काम साधण्याची ती संधी होती. पण २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. गिरण्यांची जमीन इमारतींनी व्यापलेली असल्याने वाटण्यासारखे फारसे राहिलेच नाही. उच्च न्यायालयाने २००५ साली या अर्थाविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६च्या मार्चमध्ये तो फिरवला.

परिणाम सर्वांसमोर आहे. ना एकत्रित आराखडा झाला, ना पुरेशी मोकळी जागा मिळाली. कोठे मनोरे आले, कोठे बाजार आले. एखाद्या बाजाराच्या आवारात जुने धुराडे शोभेसाठी उभे आहे. कामगारांच्या घरांसाठी ‘म्हाडा’ची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी, आणि अर्जदार लाखाहून अधिक असताना घरे हजारांच्या घरात होती. लंडनने निदान भिंती आणि रस्ते राखले व मालकी गमावली. मुंबईने बहुतेक ठिकाणी दोन्ही गमावले. दादरच्या इंदू मिलची साडेबारा एकर जागा डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्याचा निर्णय २०१२ साली झाला, हा अपवाद होय. सरकारच्या मनात असेल तर गिरणीची जमीन सार्वजनिक कामासाठी राखता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

गेलेल्या जमिनीचा शोक करीत बसण्याचे कारण नाही; अजून राहिलेली जमीन थोडी नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या ताब्यात सुमारे १८०० एकर जमीन आहे. तेथेही मालधक्के, गोदामे, वखारी आणि रुळ आहेत. तेथेही पाण्याचा काठ आहे, जो शहरातील सामान्य माणसाला दिसतसुद्धा नाही. तिच्या वापराविषयी राणी जाधव समितीने २०१४ साली अहवाल दिला. ही जमीन राष्ट्राची आहे. तिचा उपयोग ठरवताना लंडनची छायाचित्रे समोर ठेवली जातीलच. त्यांच्याबरोबर लंडनचे जमाखर्चही ठेवले जावेत.

त्या जमाखर्चातून निघणारे धडे साधे आहेत. एक म्हणजे, सगळ्या जागेचा आराखडा आधी व्हावा आणि तुकड्यांचा विचार नंतर. दुसरे, सरकारी जमीन विकू नये. हवी तर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, म्हणजे वाढत्या मोलाचा वाटा पुढच्या पिढीलाही मिळेल. तिसरे, रस्ते, चौक आणि पाण्याचा काठ यांवर नागरिकांचा वावरण्याचा, बसण्याचा व सभा घेण्याचा हक्क करारातच लिहिला जावा. आणि चौथे, ज्यांच्या श्रमावर ती जागा उभी राहिली त्यांची घरे, आणि शाळा-ग्रंथालयासारख्या संस्था, दुकानांच्या आधी उभ्या राहाव्यात. यांतील एकही अट बांधकाम व्यावसायिकाला बुडवणारी नाही. बाजार हवाच, दुकानांच्या भाड्यातून बागेची निगा राखली जात असेल तर तेही चांगलेच. फक्त त्या बाजाराच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला, खिशात पैसे नसतानाही, तेथे उभे राहण्याचा हक्क असला पाहिजे. आणि तो हक्क जमीन देण्यापूर्वीच लिहून घेतला पाहिजे.